चार कोटी अंकांची संख्या आणि १२८ची घडी

ऑक्टोबर २०२४मध्ये 'जगातील सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली' अशी बातमी झळकली, तेव्हा तिच्यातून 'ज्ञात' हा शब्द गळला होता. मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध केले असल्याने 'सर्वांत मोठी' अशी मूळ संख्या असूच शकत नाही. ल्यूक ड्युरांट यांना सापडलेली संख्या म्हणजे २चा १३,६२,७९,८४१वा घात वजा १. ती लिहून काढली तर ४,१०,२४,३२० अंक होतात.

एवढ्या संख्येला भाजक नाही हे एकेका संख्येने भागून ठरवणे अशक्यच. पण २च्या घातातून १ वजा केल्यावर मिळणाऱ्या 'मर्सेन' संख्यांसाठी ल्यूका आणि लेहमर या गणितज्ञांची एक चाचणी आहे आणि ती वहीवरही करता येते. घातांक विषम मूळ संख्या असला पाहिजे. ४पासून सुरुवात करून संख्येचा वर्ग करावा, त्यातून २ वजा करावेत, मर्सेन संख्येने भागून बाकी घ्यावी आणि हीच कृती घातांकापेक्षा दोनने कमी वेळा करावी. शेवटची बाकी शून्य आली तरच ती संख्या मूळ असते.

१२७, म्हणजे २चा सातवा घात वजा १, घेऊ. येथे पाच फेऱ्या होतात. पहिलीत १४ येतात, दुसरीत १९४. आता १२७ने भागायचे, परंतु १२८ला १२७ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून प्रत्येक १२८च्या जागी १ मोजला की काम झाले. १९४ म्हणजे एक १२८ आणि वर ६६, म्हणून बाकी ६७. ६७चा वर्ग वजा २ म्हणजे ४४८७. त्यात ३५ वेळा १२८ आणि वर ७, म्हणून बाकी ४२. पुढे १११, आणि शेवटी १२३१९. त्यात ९६ वेळा १२८ आणि वर ३१, बेरीज नेमकी १२७, म्हणजेच बाकी शून्य. द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरणाऱ्या, पद्धतीत हा भागाकार म्हणजे अंकांची पट्टी कापून तिचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून बेरीज करणे, एवढाच उरतो. ड्युरांट यांच्या संख्येसाठी मात्र अशा १३,६२,७९,८३९ फेऱ्या लागतात, आणि संगणकाचा खरा घाम निघतो तो वर्ग करताना.

या संख्येचा 'मूलांक' ४ येतो, आणि ४ हा राहूचा अंक मानला जातो. अंकशास्त्राच्या भक्तांनी घाबरू नये: ३ आणि ७ वगळता प्रत्येक मर्सेन मूळ संख्येचा मूलांक १ किंवा ४च येतो, कारण मूलांक म्हणजे ९ने भागल्यावर उरणारी बाकी, तिथे ग्रहांचा संबंध नाही. ही संख्या बँकांच्या सांकेतिक कुलपांनाही उपयोगाची नाही, कारण तिथे काहीशे अंकी आणि मुख्य म्हणजे गुप्त मूळ संख्या लागतात.

चाचणीची एक मर्यादा मला विलक्षण वाटते. २चा अकरावा घात वजा १, म्हणजे २०४७, घेतल्यास शेवटी १७३६ उरतात. संख्या मूळ नाही हे कळते, पण २३ आणि ८९ हे तिचे भाजक कळत नाहीत. २चा ६७वा घात वजा १ ही संख्या मूळ नाही, हे ल्यूकांनी १८७६मध्ये दाखवले. तिचे १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ हे भाजक फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले, तेव्हा १९०३ साल उजाडले होते.