पायाला पराग दिसला की जीवात जीव

सातेरी ही आपली देशी मधमाशी. तिला पाळण्यासाठी पेटीत घालणं हे एका संध्याकाळचं काम. ती तिथे नांदेल की नाही, हे कळायला मात्र आठवडा जातो.

युरोपीय मेलीफेरा मधमाशीची भरलेली पेटी विकत मिळते, तो सोपा मार्ग. आपली सातेरी झाडाच्या ढोलीत, जुन्या वारुळात, दगडी बांधाच्या कपारीत सापडते. अंधारात, एकाशेजारी एक समांतर पोळी बांधायची तिची सवय असते, म्हणूनच ती पेटीत राहू शकते. आग्या माशी उघड्यावर एकच पोळं लटकवते. तिच्या नादी न लागलेलं बरं.

ढोलीतली पोळी अलगद कापायची. वरचा मधाचा भाग वेगळा काढायचा, कारण त्याच्या वजनाने पोळं सुटून पडतं. अंडी-अळ्यांचा भाग मात्र आधी होता तसाच उभा धरून लाकडी चौकटीत केळीच्या सोपाने, म्हणजे खोडाच्या सालीच्या पट्टीने, बांधायचा. काही दिवसांत माश्या मेणाने पोळं चौकटीला चिकटवतात आणि सोप कुरतडून बाहेर टाकतात. नवशिक्या माणसाचा सगळा जीव मधात अडकलेला असतो, पण माश्यांना धरून ठेवते ती ही पिलावळ. सातेरीचा स्वभाव मुळात उठवळ. उपासमार, मुंग्या, मेणकिडा, रोजची उघडझाप, काहीही निमित्त पुरतं आणि सगळं बिऱ्हाड उठून जातं. अळ्या असल्या की तिचा पाय सहसा निघत नाही.

राणी पेटीत गेली की दाराशी काही कामकरी माश्या शेपूट वर करून पंख फडफडवतात. पोटाच्या टोकाजवळच्या ग्रंथीतला वास त्या हवेत सोडत असतात. त्या वासावर भरकटलेल्या बाकीच्या आत येतात. दाराला राणीगेट लावतात. त्याच्या फटीतून कामकरी जाते, जाडसर राणी अडते. पण ते महिनाभर ठेवायचं नाही. राणी कोवळी, न फळलेली असेल तर तिला मीलनासाठी बाहेर उडावंच लागतं.

पेटी हलवायची ती अंधार पडल्यावर, सगळ्या परतल्या की. तीही थेट दोन-तीन किलोमीटर लांब. दिवसा दहा पावलं सरकवली, तर चरायला गेलेल्या माश्या जुन्याच जागी येऊन घिरट्या घालत बसतात. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. आणि हा उद्योग भर पावसाळ्यात करू नये. सह्याद्रीत तेव्हा माश्यांची उपासमार असते, साखरेचा पाक देऊन जगवाव्या लागतात. जांभूळ फुलायच्या सुमारास केलेलं चांगलं.

मग पेटी सारखी उघडून बघायचा मोह होतो. (हात बांधून ठेवावेत, दुसरा उपाय नाही.) त्यापेक्षा सकाळी दाराशी बाजूला बसावं. नुसत्या मकरंदावर मोठ्या माश्यांचं भागतं, पण अळ्यांसाठी प्रथिनं लागतात आणि ती परागातून येतात. परतणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांवर पिवळ्या-केशरी गोळ्या भराभर दिसू लागल्या, तर आत अळ्या पोसल्या जात आहेत. आठवडाभर रोज तेच दिसलं, तर बहुधा राणीने अंडी घालायला घेतली आहेत.