वृद्धांचा उपचारखर्च (सांगली जिल्हा)

साठी ओलांडलेल्या माणसाच्या आजारपणावर घराला सतत करावा लागणारा आणि वयाबरोबर वाढत जाणारा खर्च. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढच्यांचे प्रमाण ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. सांगलीत त्याला स्थलांतराची जोड आहे. खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पांगले. म्हातारे आईवडील बहुधा गावाकडेच राहिले.

दवाखान्यांची इथे वाण नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचे रुग्णालय काढले, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि कर्नाटकातूनही रुग्ण मिरज गाठतात. अडचण आहे ती पुन्हा पुन्हा तिथे पोचण्याची. जतच्या पूर्व भागातल्या रुग्णाचे डायलिसिस सरकारी आरोग्य योजनेत बसते. आठवड्यातून दोन-तीनदा लागणारे गाडीभाडे आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोजगार बसत नाही.

खरा पेच इथेच आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना असो, की ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना उत्पन्नाची अट न लावता खुली झालेली, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांची आयुष्मान भारत योजना असो, दोन्हींचा भर रुग्ण भरती होण्यावर. म्हातारपण मात्र बरेचसे ओपीडीतच जाते: बीपी, शुगर, गुडघे, दर काही महिन्यांनी रक्त-लघवी. महिन्याच्या गोळ्या लिहून दिलेल्या असतात, पण ‘सध्या दहाच द्या’ म्हटल्यावर मेडिकलवाला कात्रीने स्ट्रिप कापून देतो. जनऔषधी केंद्रात त्याच गोळ्या स्वस्त मिळतात. पण गोळीचा रंग बदलला की म्हातारी माणसे बिचकतात, आणि त्यांना समजावून सांगायला कोणाला वेळ नसतो. गरीब वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये यातच जिरतात.

खुब्याचे हाड मोडले तर ऑपरेशन एकदाचे निभते. पुढचे काही महिने उठवायला-बसवायला बाई ठेवायची, नाहीतर लेकीने नाहीतर सुनेने काम सोडून घरी बसायचे.

वाळवा-पलूस भागात मोठा खर्च कारखान्याकडून येणाऱ्या उसाच्या बिलावर ढकलतात. बिल लांबले की पतसंस्थेत सोने तारण. विम्याची वाट थोडी मोकळी झाली आहे: नवी पॉलिसी घेण्याची ६५ वर्षांची मर्यादा २०२४ मध्ये उठली, सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. तरी या वयातला हप्ता शेतकरी घराला झेपत नाही. विमा असलाच तर बहुधा पुण्या-मुंबईतल्या मुलाच्या कंपनीचा असतो, आणि मुलाने नोकरी बदलली की तोही जातो.