बाजूला झालेल्या सदस्याच्या जागी कोण? पर्यायी सदस्याच्या नियमाची पार्श्वभूमी

ज्याचा हितसंबंध आहे त्याने मत देऊ नये, हा संकेत जुना आहे. हाउस ऑफ कॉमन्सचे सभापती चार्ल्स ॲबट यांनी 1811 मध्ये त्याची हद्द आखून दिली: हितसंबंध थेट आर्थिक हवा आणि तो त्या सदस्याचा स्वतःचा हवा, साऱ्या प्रजेशी सामाईक असेल तर मत बाद होत नाही. मत बाद झाले तरी त्या जागी दुसरा कोणी आणण्याचा प्रश्नच नव्हता. 658 जणांच्या सभागृहात, उपस्थितांच्या बहुमतावर काम चालत असताना, एक मत कमी झाल्याने काही अडत नव्हते.

अडले ते पाच जणांच्या मंडळात. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने 1920 च्या दशकात राज्यांसाठी झोनिंगचा, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय बांधता येईल याच्या नियमांचा, नमुना कायदा तयार केला. त्यात अपील मंडळ पाच जणांचे, आणि अधिकाऱ्याचा निर्णय फिरवायला चार मते आवश्यक. उपस्थितांच्या प्रमाणात नव्हे, ठोक चार. एक सदस्य उठला की उरलेल्या चौघांचे एकमत लागायचे. दोघे उठले की अर्जदार सुनावणीआधीच हरलेला. सदस्य सचोटीने बाजूला व्हायचा आणि त्याचा फटका अर्जदाराला बसायचा.

यावर तोडगा म्हणजे पर्यायी सदस्य. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याच्या कायद्यात मूळ सदस्य गैरहजर असला किंवा त्याने स्वतःला अपात्र ठरवले, तरी अध्यक्ष हजर पर्यायी सदस्याला त्या जागी नेमतात. मॅसॅच्युसेट्स आणि न्यूयॉर्कमध्येही हितसंबंधाचे कारण कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. ते लिहावेच लागते: गैरहजेरीपुरता केलेला नियम खोलीतच असलेल्या सदस्याला आपोआप लागू होत नाही. व्यवहारात चूक होते ती वेळेची. बदल सुनावणी सुरू होण्यापूर्वी करायचा, कोण कोणाच्या जागी आणि कोणत्या प्रकरणापुरता हे इतिवृत्तात नोंदवायचे. मतदानाच्या तोंडावर बसवलेल्याने बाजू ऐकलेलीच नसते, आणि निर्णयाला आव्हान द्यायला तेवढे पुरते.

भारतात पर्यायी व्यक्ती प्रामुख्याने गैरहजेरीसाठीच आहे. कंपनी कायदा 2013, कलम 161 नुसार पर्यायी संचालक नेमता येतो तो मूळ संचालक किमान 3 महिने भारताबाहेर असेल तरच. पब्लिक कंपनीत हितसंबंधामुळे कलम 184 खाली चर्चेबाहेर राहणाऱ्या संचालकाची जागा त्या विषयापुरती रिकामीच राहते.

निवड मंडळांत हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. क्रैपाक खटल्यात (1969) एक उमेदवारच मंडळावर होता. स्वतःच्या नावाच्या वेळी तो उठला, पण प्रतिस्पर्ध्यांच्या नावांवरील चर्चेत बसला. निवड रद्द झाली. अशोक कुमार यादव खटल्यात (1985) न्यायालयाने लोकसेवा आयोगाला वेगळा न्याय लावला. आयोगाच्या सदस्याची जागा दुसरा सदस्यच घेऊ शकतो, बाहेरचा नाही. म्हणून नातेवाईक उमेदवाराच्या मुलाखतीपुरते त्याने बाहेर जायचे, त्या उमेदवाराच्या गुणवत्तेची चर्चा त्याच्यासमोर करायची नाही आणि गुणही त्याला कळू द्यायचे नाहीत.