पार्श्वभूमी : हेल्मेट १९१७ चे, पण त्यावरचा रंग केव्हाचा?

पहिल्या महायुद्धातले रंगवलेले अमेरिकी हेल्मेट लिलावात आले की वर्णनात 'थेट खंदकातून आलेले' हे शब्द हमखास असतात. समोर डिव्हिजनचे, म्हणजे हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकडीचे, चिन्ह, उरलेल्या भागावर हिरवे, पिवळे, तपकिरी तुकडे आणि त्यांच्यामध्ये काळ्या रेषा. धातू बहुतेक वेळा अस्सलच असतो. भांडण असते ते रंगाच्या तारखेवरून, आणि किंमतही त्या तारखेवरच ठरते.

हा आकार मूळचा ब्रिटिश, उथळ परात पालथी घातल्यासारखा. त्याचे पेटंट १९१५ चे. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिच्याकडे स्वतःचे पोलादी हेल्मेट नव्हते. सुमारे ४ लाख हेल्मेट तिने ब्रिटनकडून घेतली आणि मग युद्ध संपेपर्यंत स्वतः २७ लाखांच्या आसपास बनवली. अमेरिकी हेल्मेटच्या कडेला आतून 'झेड' अक्षराने सुरू होणारा ठसा असतो. मूळ रंग मळकट हिरवा. चकाकू नये म्हणून त्या ओल्या रंगावर लाकडाचा भुसा मारत, त्यामुळे पृष्ठभाग खरखरीत होई. नंतर दिलेला रंग या कणांवर चढलेला बोटाला जाणवतो, भिंगाखाली तर स्पष्ट दिसतो.

रंगीत तुकड्यांची कल्पना शत्रूकडून आली. ७ जुलै १९१८ च्या जर्मन आदेशात हेल्मेटवर हिरवा, पिवळसर मातकट आणि गंजासारखा तपकिरी असे रंग देऊन त्यांच्यामध्ये बोटभर रुंद काळ्या रेषा ओढायला सांगितले होते. ते खरे लपण्यासाठी होते. अमेरिकी हेल्मेटवर मात्र त्याच तुकड्यांच्या मधोमध लालभडक किंवा पांढरेशुभ्र चिन्ह बसलेले दिसते. लपायचे असेल तर कपाळावर असे निशाण कोण लावेल? हा रंग बहुधा लढाई संपल्यानंतरचा, याचा हा पुरावा मला फार बोलका वाटतो.

आता चिन्हांकडे वळू, कारण खरा गुंता तिथेच आहे. गाड्यांवर आणि सामानावर खुणा रंगवण्याची पद्धत काही डिव्हिजनमध्ये आधीपासून होती. अंगावर चिन्ह मिरवण्याचा मान मात्र ८१ व्या डिव्हिजनकडे जातो. दक्षिण कॅरोलायनातल्या छावणीजवळच्या एका ओढ्याच्या नावावरून त्यांनी रानमांजर निवडले आणि १९१८ मध्ये ते बाहीवर लावूनच फ्रान्स गाठले. इतर तुकड्यांनी तक्रार केली. सेनापतींनी चिन्ह काढायला लावले नाही, उलट ऑक्टोबर १९१८ मध्ये सगळ्याच डिव्हिजनना आपापली चिन्हे ठरवून मंजुरीसाठी पाठवायला सांगितले. शस्त्रसंधी झाली ११ नोव्हेंबरला. मधला अवधी जेमतेम महिन्याचा, तोही मोठ्या चढाईच्या धामधुमीतला. आघाडीवरचे सैनिक त्या दिवसांत ब्रश घेऊन बसले असतील, हे पटत नाही. 'गाड्यांवर चिन्ह होतेच, मग हेल्मेटवर का नसेल?' असा प्रतिवाद संग्राहक करतात. काही मोजक्या हेल्मेटबाबत तो खरा असू शकेल, पण तो सगळ्यांना लागू करणे म्हणजे विक्रेत्याची सोय पाहणे झाले.

एका चिन्हाबाबत तर वादाला जागाच नाही. निळ्या गोलात पांढरा 'ए' आणि भोवती लाल 'ओ' हे ऱ्हाइनकाठी तळ ठोकणाऱ्या तिसऱ्या आर्मीचे चिन्ह. ही आर्मीच नोव्हेंबर १९१८ मध्ये उभी राहिली आणि डिसेंबरमध्ये जर्मनीतल्या कोब्लेंझला पोचली. तिथे, आणि ब्रेस्ट, सें-नाझेर या फ्रेंच बंदरांत जहाजाची वाट पाहताना, सैनिकांच्या हाती वेळच वेळ होता. परदेशात लढून आलेल्यांना हेल्मेट आणि गॅस मास्क घरी न्यायची मुभा मिळाली, तेव्हा आठवण म्हणून टोप रंगवून घेण्याची चढाओढच लागली. घरी परतल्यावर, माजी सैनिकांच्या संचलनासाठी रंगवलेली हेल्मेटही कमी नाहीत. १९१९ चा रंग म्हणजे बनावट रंग नव्हे. लढाईतून जिवंत राहिलेल्या माणसाने स्वतःची तुकडी अभिमानाने रंगवली, याला इतिहास म्हणून कमी लेखणे मला अन्यायाचे वाटते.

बनावट प्रकार वेगळा. साध्या हेल्मेटपेक्षा रंगवलेल्याला जास्त पैसे मिळतात, म्हणून अलीकडच्या दशकांत जुन्या धातूवर नवे चिन्ह काढणारे पुष्कळ झाले. इथे रसायनशास्त्र उपयोगी पडते. ४२ व्या डिव्हिजनच्या इंद्रधनुष्यातल्या निळ्यात थॅलोसायनिन निघाले, तर तो रंग १९१९ चा असूच शकत नाही, कारण ते रंगद्रव्य बाजारात आले १९३५ मध्ये. अतिनील दिव्याखाली जुना जस्ताचा पांढरा पिवळसर-हिरवा चमकतो, टायटॅनियमचा पांढरा काळपट दिसतो. झीजही पाहावी. कड आणि माथा घासलेला हवा, आणि खरवडलेल्या जागी मूळ हिरवा रंग दिसायला हवा.

मालकाचा शोध हे याहून अवघड काम. अस्तरावर शाईने नाव किंवा सेवा क्रमांक असेल तर नशीब. अमेरिकी सैनिकांना क्रमांक मिळू लागले तेच १९१८ मध्ये. पण सेंट लुईसमध्ये जुलै १९७३ मध्ये लागलेल्या आगीत नोव्हेंबर १९१२ ते जानेवारी १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या लष्करी माणसांच्या सुमारे ८० टक्के फाइली जळाल्या. त्यामुळे आता आधार उरतो तो राज्यांकडची सेवापत्रके आणि सैनिकवाहू जहाजांच्या प्रवासी याद्यांचा. या याद्यांत नाव, हुद्दा, तुकडी आणि घरच्यांचा पत्ता सापडतो. अस्तरावरचे नाव त्या यादीत मिळाले आणि तिथली तुकडी समोरच्या चिन्हाशी जुळली, तर हेल्मेट कोणाचे हे बऱ्यापैकी ठरते. तो रंग फ्रान्समध्ये दिला की घरी आल्यावर, हे यादी सांगत नाही.