सेन्सर कातडीखाली का दमतो?

मधुमेहींच्या दंडावर चिकटवलेली नाण्याएवढी चकती, म्हणजे ग्लुकोज सेन्सर, दर काही मिनिटांनी शरीरातल्या साखरेचा (ग्लुकोजचा) आकडा मोबाईलवर धाडते. दहा-पंधरा दिवस झाले की ती काढायची, नवी लावायची. बॅटरी संपली असेल, असं वाटतं. खरं दुखणं असतं कातडीखाली रुतलेल्या बारीक तारेच्या टोकाशी.

त्या टोकावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, असतं. ही युक्ती लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली. ग्लुकोजवर एन्झाइमची क्रिया झाली की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. त्यातून मिळणारा विद्युतप्रवाह मोजायचा, की साखर कळली. बऱ्याच सेन्सरांचं काम आजही असंच चालतं. गंमत म्हणजे हे पेरॉक्साइड एन्झाइमलाच हळूहळू निकामी करतं. ज्याच्यावर मोजमाप चालतं, तेच मुळावर येतं.

शिवाय शरीर गप्प बसत नाही. पायात काटा मोडून राहिला की जे होतं, तेच इथे होतं. आधी तारेवर प्रथिनांचा थर बसतो, मग रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात. त्या स्वतःच आसपासचं ग्लुकोज आणि ऑक्सिजन वापरतात, म्हणजे आकडाही बिघडवतात. शेवटी तंतूंचं आवरण तयार होऊन ग्लुकोजची वाटच अडते. वर कातडीचा बाहेरचा थर सतत झडत असतो, त्याच्यासोबत गोंदही सुटतो, ते वेगळंच.

अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळालेलं पहिलं उपकरण जेमतेम तीन दिवस चालायचं. २०२४ मध्ये मान्यता मिळालेला एव्हरसेन्स ३६५ नावाचा सेन्सर चालतो वर्षभर. त्याने एन्झाइमला वाचवण्याच्या खटपटीऐवजी ते काढूनच टाकलं, आणि मला हीच खरी उडी वाटते. ग्लुकोज चिकटताच त्यातल्या पॉलिमरची चमक बदलते. भोवतालची सूज आटोक्यात ठेवायला त्यातूनच थोडं थोडं स्टेरॉइड पाझरतं. मात्र तो छोटा छेद घेऊन कातडीखाली प्रशिक्षित माणसाकडूनच बसवून घ्यावा लागतो, आणि वरून आकडे मोबाईलवर धाडणारा ट्रान्समीटर लावावाच लागतो.

साखरेपलीकडे गेलं की नवी अडचण. सूज दाखवणारी प्रथिनं पकडायला डीएनएचे धागे वापरतात, पण घट्ट पकडलेलं प्रथिन सुटता सुटत नाही. धागे असे अडकत गेले की सेन्सर वाढ दाखवेल, उतार नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये यावर साधा तोडगा काढला: विद्युतदाब आलटून-पालटून धागे झटकायचे. प्रथिन गळून पडतं, धागा पुन्हा मोकळा. हा प्रयोग झाला तो उंदरांवर.