ग्रीन बे पॅकर्स

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे शहराचा व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघ. नॅशनल फुटबॉल लीगमधील (एनएफएल) ३२ संघांपैकी केवळ हाच संघ कोणा धनिकाच्या किंवा कुटुंबाच्या मालकीचा नसून सामान्य भागधारकांचा आहे. २०२० च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ७ हजार होती. एवढ्या लहान गावाचा संघ या स्पर्धेत टिकून राहिल्याचे दुसरे उदाहरण आज नाही. पॅकर्सच्या नावावर १३ अजिंक्यपदे आहेत, ही लीगमधील सर्वाधिक संख्या होय.

संघाची स्थापना ११ ऑगस्ट १९१९ रोजी 'ग्रीन बे प्रेस-गॅझेट' या दैनिकाच्या कार्यालयात झालेल्या बैठकीत झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अर्ल 'कर्ली' लॅम्बो हा स्थानिक खेळाडू आणि त्या दैनिकाचा क्रीडा संपादक जॉर्ज कॅलहून हे दोघे तिचे प्रवर्तक होते. १४ ऑगस्टला दुसरी बैठक होऊन लॅम्बोची कर्णधार म्हणून निवड झाली. तो इंडियन पॅकिंग कंपनी या मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात नोकरीला होता. गणवेश आणि साहित्यासाठी कंपनीने पैसे दिले (रक्कम बहुधा ५०० डॉलर सांगितली जाते) आणि संघाला 'पॅकर्स' हे नाव मिळाले. पुढे कारखाना अ‍ॅक्मे पॅकिंग कंपनीकडे गेला, पण नाव मात्र टिकले.

लॅम्बो आणि कॅलहून बिअरचा पेला घेता घेता भेटले आणि संघाची कल्पना निघाली, ही कथा लोकप्रिय असली तरी ती नंतरच्या आठवणींवर बेतलेली आहे. शिवाय ग्रीन बेमध्ये १९१९ पूर्वीही गावाचे फुटबॉल संघ होते. १९१८ च्या संघाची जुळवाजुळव करणाऱ्या नेट अब्राम्सकडे काही अभ्यासक मूळ श्रेय देतात, म्हणजे लॅम्बोने नवा संघ काढला नाही, तर चालता संघ हाती घेतला, असे त्यांचे म्हणणे. खेळाडूंपैकी काही जण दोन्हीकडे होते, हे या मताच्या बाजूने जाते. तथापि समकालीन वृत्तपत्रातील नोंदी पाहता १९१९ च्या बैठका ही नव्या संघटनेची सुरुवात होती, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कॅलहूनचा वाटा मात्र लॅम्बोच्या पुढील कीर्तीमुळे झाकोळला गेला आहे.

१९२१ मध्ये संघ लीगमध्ये दाखल झाला, तो अ‍ॅक्मे पॅकिंग कंपनीच्या क्लेअर बंधूंच्या नावे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नोत्र दाम विद्यापीठाचे विद्यार्थी-खेळाडू खोट्या नावांनी उतरवल्याचे उघड झाले आणि सदस्यत्व गेले. १९२२ च्या उन्हाळ्यात लॅम्बोने ते पुन्हा मिळवले. त्यासाठी लीगच्या बैठकीला जाण्याचा खर्च भागवण्यासाठी एका मित्राने आपली मोटार विकली आणि मोबदल्यात पहिल्या सामन्यात काही क्षण मैदानावर उतरण्याची हौस भागवून घेतली, अशी आख्यायिका आहे. तिचा स्वतंत्र पुरावा क्षीण आहे. गावाला ती आवडते, एवढे खरे.

मालकीची आजची रचना आर्थिक अडचणीतून आली. १९२३ मध्ये दैनिकाचे प्रकाशक अँड्र्यू टर्नबुल आणि इतर स्थानिकांच्या पुढाकाराने ना-नफा तत्त्वावर ग्रीन बे फुटबॉल कॉर्पोरेशन स्थापन झाले. ५ डॉलरचा एक असे १,००० भाग विकले गेले. घेणाऱ्याने हंगामाची किमान सहा तिकिटेही घ्यावीत, अशी अट होती. प्रेक्षकसज्ज्यातून पडलेल्या एका प्रेक्षकाला न्यायालयाने ५,००० डॉलरची भरपाई मंजूर केली, त्यात विमा कंपनीच बुडाली आणि १९३३ मध्ये महामंडळावर न्यायालयीन प्रशासक आला. १९३५ मध्ये १५,००० डॉलर उभारून 'ग्रीन बे पॅकर्स, इन्क.' अशी पुनर्रचना झाली. १९५० च्या विक्रीतून सुमारे १ लाख १८ हजार डॉलर जमले. त्यानंतर १९९७, २०११ व २०२१ मध्ये भागविक्रीच्या फेऱ्या सुरू झाल्या. भागाची किंमत अनुक्रमे २००, २५० आणि ३०० डॉलर होती. भागधारकांची संख्या आता सुमारे ५ लाख ३८ हजार आहे.

या भागांवर लाभांश मिळत नाही, त्यांची किंमत वाढत नाही आणि कुटुंबाबाहेर ते विकता येत नाहीत. गुंतवणूक म्हणून पाहिले तर हा व्यवहार निरर्थक आहे. भागधारकाला वार्षिक सभेत मत मिळते आणि भिंतीवर टांगायला प्रमाणपत्र. एका व्यक्तीने किती भाग घ्यावेत यावर मर्यादा आहे. पण मत भागागणिक असल्याने याला 'एक सभासद एक मत' मानणारी सहकारी संस्था म्हणणे काटेकोर ठरणार नाही. संघ विकला गेलाच, तर पैसा अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेकडे सैनिक-स्मारकासाठी जावा, अशी मूळ तरतूद होती. १९९७ मध्ये ती बदलून लाभार्थी म्हणून पॅकर्सचे धर्मादाय प्रतिष्ठान नेमण्यात आले. दोन्ही तरतुदींचा हेतू एकच : संघ विकण्यात कोणाचाही फायदा राहू नये. लीगच्या आजच्या नियमांत अशी मालकी बसत नाही. केवळ जुनी म्हणून ती चालते. महामंडळ दरवर्षी जमाखर्च जाहीर करते, त्यामुळे एनएफएलच्या अर्थकारणाच्या अभ्यासकांना आत डोकावण्याची ही जवळजवळ एकमेव खिडकी आहे.

लॅम्बोच्या मार्गदर्शनाखाली संघाने १९२९ ते १९३१ अशी सलग तीन आणि पुढे १९३६, १९३९ व १९४४ ची अजिंक्यपदे मिळवली. तो १९५० मध्ये पायउतार झाला, त्यानंतरची वर्षे निराशेची होती. १९५८ मध्ये संघाने १२ पैकी एकच सामना जिंकला. १९५९ मध्ये आलेल्या प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डीने १९६१, १९६२, १९६५, १९६६ आणि १९६७ ची विजेतेपदे मिळवून दिली. ३१ डिसेंबर १९६७ चा डॅलस काउबॉइजविरुद्धचा सामना 'आइस बोल' म्हणून ओळखला जातो. तापमान उणे २५ अंश सेल्सिअसच्या आसपास होते आणि अखेरच्या क्षणी क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हाती असलेला खेळाडू) बार्ट स्टारने स्वतःच चेंडू घेऊन मुसंडी मारली, तेव्हा २१-१७ असा विजय मिळाला. संघाच्या मैदानाला १९६५ मध्ये लॅम्बोचे नाव देण्यात आले.

पुढील दोन दशके फारशी उल्लेखनीय नाहीत. १९९२ मध्ये क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह आला आणि १९९६ च्या हंगामाचे विजेतेपद पॅकर्सने पटकावले. त्याच्या जागी आलेल्या अ‍ॅरन रॉजर्सने २०१० चे मिळवून दिले. तीन दशके दोनच प्रमुख क्वार्टरबॅक, ही स्थिरता या खेळात विरळा. मुख्य प्रशिक्षक मॅट लाफ्लुर यांच्या काळात २०१९, २०२० व २०२१ मध्ये साखळीतील प्रत्येकी १३ सामने जिंकूनही अंतिम फेरी गाठता आली नाही. २०२३ मध्ये रॉजर्स न्यू यॉर्क जेट्सकडे गेला आणि जॉर्डन लव्हकडे सूत्रे आली. त्या हंगामात पॅकर्सने बाद फेरीत डॅलसला ४८-३२ असे हरवले. गटातील सातव्या मानांकनाच्या संघाचा असा हा पहिलाच विजय होता. २०२४ मध्ये ११ विजयांनंतर फिलाडेल्फियाकडून पहिल्याच बाद सामन्यात हार पत्करावी लागली.

एप्रिल २०२५ मध्ये लीगचा खेळाडू-निवड सोहळा (यात संघ पाळीपाळीने नवोदित खेळाडू निवडतात) ग्रीन बेमध्ये झाला. जुलैमध्ये अध्यक्ष मार्क मर्फी वयोमर्यादेनुसार निवृत्त झाले आणि एड पॉलिसी त्यांच्या जागी आले. ऑगस्टमध्ये डॅलसकडून मायका पार्सन्स या बचावपटूला घेण्यासाठी संघाने पहिल्या फेरीतील दोन निवड-हक्क आणि केनी क्लार्क हा अनुभवी खेळाडू दिला. सावध व्यवहारासाठी ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थापनाने टाकलेला हा अपवादात्मक डाव होता. महिनाभरातच पार्सन्स डॅलसमध्ये जुन्या संघाविरुद्ध उतरला. तो सामना ४०-४० असा बरोबरीत सुटला.