‘अलाऊ’ दाबल्यावर नेमकं काय होतं?

नवं अ‍ॅप उघडलं की लगेच चौकटी पुढे येतात. कॅमेरा वापरू का, लोकेशन बघू का, कॉन्टॅक्ट्स वाचू का? ‘अलाऊ, अलाऊ’ करत आपण पुढे सरकतो. यातली प्रत्येक परवानगी सारख्याच वजनाची नसते, आणि जी सर्वांत भारी असते ती अशा साध्या चौकटीतून मागितलीच जात नाही.

अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली आहे. एकाच संगणकावर अनेक जणांनी काम करावं, पण एकाच्या फाइली दुसऱ्याला दिसू नयेत, ही लिनक्समधली जुनी सोय. अँड्रॉइडने तीच उचलली, फक्त माणसांच्या जागी अ‍ॅप्स बसवली. इन्स्टॉल होताना प्रत्येक अ‍ॅपला स्वतःचा यूजर क्रमांक आणि स्वतःचा फोल्डर मिळतो. त्यामुळे एखादा गेम बँकेच्या अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये डोकावू शकत नाही.

कॅमेरा, लोकेशन या मात्र सामाईक गोष्टी, म्हणून त्यांच्यासाठी विचारावं लागतं. 2015मध्ये अँड्रॉइड 6 येईपर्यंत सगळ्या परवानग्या इन्स्टॉल करतानाच एकगठ्ठा द्याव्या लागत. नको असेल तर अ‍ॅपच सोडा! त्या काळातली टॉर्च अ‍ॅप्स कॅमेऱ्याची परवानगी मागत आणि लोकांना शंका येई. खरं तर ती मागणी रास्त होती, कारण फ्लॅशचा दिवा कॅमेऱ्याचाच भाग धरला जाई. गडबड भलतीकडेच होती. 2013मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित जपणाऱ्या सरकारी संस्थेने, अशाच एका लोकप्रिय टॉर्च अ‍ॅपवर कारवाई केली, कारण ते वापरणाऱ्यांचं लोकेशन गुपचूप जाहिरातवाल्यांना पाठवत होतं.

आता त्या भारी परवानगीकडे येऊ. तिचं नाव अ‍ॅक्सेसिबिलिटी. ती आहे दृष्टिहीनांसाठी आणि ज्यांना हात नीट वापरता येत नाहीत त्यांच्यासाठी. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवायचा तर अ‍ॅपला तो दिसायला हवा, आणि माणसाच्या वतीने बटण दाबायचं तर तसा अधिकारही हवा. सोय अत्यंत गरजेची आहे, पण चोराच्या हाती पडली की दोन अ‍ॅप्समधल्या वर सांगितलेल्या आडकाठीला काही अर्थ उरत नाही. बँकेच्या अ‍ॅपच्या फाइली फोडायच्याच कशाला? शिल्लक पडद्यावर दिसते, ओटीपी नोटिफिकेशनमध्ये येतो, आणि ‘पाठवा’ हे बटणही परस्पर दाबता येतं. काही बिलंदर अ‍ॅप्स तर आपण त्यांना काढायला सेटिंग्जमध्ये गेलो की स्वतःच ‘बॅक’ दाबून आपल्याला बाहेर आणतात.

म्हणूनच 2022च्या अँड्रॉइड 13पासून, मेसेजमधून आलेली एपीके (म्हणजे अ‍ॅप इन्स्टॉल करणारी) फाइल उघडून टाकलेल्या अ‍ॅपला ही परवानगी सहजासहजी देता येत नाही. ते बटण करडं दिसतं. पण अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर, वरच्या तीन ठिपक्यांत, हे बंधन उठवण्याची वाट ठेवलेली आहे. कुणी फोनवरून ‘ते तीन ठिपके दाबा’ असं सांगू लागलं, तर फोन ठेवून द्यावा.

आपल्या फोनवर ही परवानगी कुणाकडे आहे, हे सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘डाउनलोडेड’ किंवा ‘इन्स्टॉल्ड’ अ‍ॅप्सखाली दिसतं. बहुतेकांच्या फोनवर या यादीतलं काहीच ‘ऑन’ नसायला हवं. अनोळखी नाव दिसलं आणि ते बंदच होऊ देत नसेल, तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करावा. तिथे बाहेरून टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत, त्यामुळे त्याला ‘बॅक’ दाबता येत नाही आणि आपल्याला ते काढून टाकता येतं.